हाऊस गल्लीचा वारसा

मुंबई महापालिकेचा मूळ कायदा 1888 सालचा. त्याच्या आरंभी ज्या शब्दांच्या व्याख्या दिल्या आहेत, त्यांत 'हाऊस गल्ली' हाही एक शब्द आहे. घरामागे किंवा दोन घरांच्या मध्ये राखून ठेवलेली अशी अरुंद पट्टी, की जिच्यातून सांडपाणी वाहून जाईल, किंवा संडास, मुतारी आणि मैल्याची भांडी साफ करणाऱ्या पालिकेच्या नोकरांना तिथवर पोहोचता येईल, असा त्या व्याख्येचा आशय आहे. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी या भागांतल्या जुन्या इमारतींच्या पाठी या गल्ल्या आजही आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ही गल्ली घाण साठवण्यासाठी नव्हतीच. ती घाण उचलणाऱ्या माणसाच्या येण्याजाण्यासाठी होती, आणि त्याने पुढच्या दाराने, जिन्याने, अंगणातून येऊ नये यासाठीही होती. मुंबईत गेल्या दीडशे वर्षांत घरांच्या आखणीची जी पद्धत रूढ झाली, तिने मैल्याला आणि कचऱ्याला वाट दिली, जागा कधी दिली नाही. आज नव्या गृहसंकुलांत ओला-सुका कचरा, खतखड्डे आणि पुनर्वापर यांवरून जे वाद होतात, त्यांचे मूळ मला रहिवाशांच्या आळसापेक्षा या जुन्या आखणीत दिसते.

कोकणातल्या किंवा देशावरच्या खेड्यातल्या घराकडे पाहिले तर फरक कळतो. तिथे परसात उकिरडा असे. चुलीतली राख भांडी घासायला जाई, उरलेली उकिरड्यावर. शेण, पालापाचोळा, खरकटे, सगळे तिथेच साठे आणि पावसाळ्यापूर्वी गाडीत भरून शेतात पडे. उकिरड्याची जागा ठरलेली होती, कारण त्यात साठणाऱ्या वस्तूला किंमत होती. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शहरांतल्या वाड्यांचे शौचकूप साफ करण्याचे काम तेव्हाही विशिष्ट जातींच्याच माथी मारलेले होते, आणि गावकुसाबाहेर कोणाला ठेवले जाई हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु घरातून निघालेल्या केराचा शेवट कुठे होतो हे त्या घराला दिसत होते. मुंबईत तसे होणे शक्य नव्हते. 1864 च्या गणनेत शहराची वस्ती 8 लाखांवर गेली होती, आणि पुढच्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्या काळात शहरातला केर महालक्ष्मीच्या बाजूच्या सखल, दलदलीच्या जमिनीत भराव म्हणून टाकला जात असे. कचऱ्यावर जमीन करायची आणि जमीन झाली की कचरा आणखी पुढे ढकलायचा, ही रीत तिथून पडली.

1888 च्या कायद्याने या रीतीला पक्के रूप दिले. घरातला केर, राख आणि उष्टे-खरकटे पालिकेने नेमलेल्या सार्वजनिक कुंडीत नेऊन टाकणे हे मालकाचे आणि रहिवाशाचे कर्तव्य ठरले. कुंडी कुठे ठेवायची ते आयुक्तांनी ठरवायचे. आणि कुंडीत पडलेला कचरा ही महापालिकेची मालमत्ता. या तीन गोष्टी एकत्र वाचल्या की एक रेघ स्पष्ट दिसते. ती इमारतीच्या दाराशी ओढलेली आहे. दाराच्या आत मालकाची जबाबदारी फक्त बाहेर नेऊन टाकण्याची, दाराबाहेर सगळे पालिकेचे. घरमालकाने किंवा बांधकाम करणाऱ्याने आपल्या आवारात कचऱ्यासाठी चार हात जागा सोडावी, असे या मांडणीत कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते. मैल्यासाठी मालमत्ता करासोबत हलालखोर कर घेतला जाई. म्हणजे त्या कराचे नावच काम करणाऱ्या जातीवरून पडलेले होते. या कामगारांनी संप केला तर शहर दोन दिवसांत गुदमरेल हे राज्यकर्ते जाणून होते. म्हणून 1890 मध्ये वेगळा कायदा आला आणि सफाईच्या नोकरांनी आगाऊ सूचना न देता काम सोडणे हा गुन्हा ठरला. इमारतीत जागा न देता व्यवस्था चालवायची, तर उचलणारा माणूस रोज येईल याची सक्तीने हमी घ्यावीच लागते.

या मांडणीवर एक आक्षेप येईल, की हाऊस गल्ली ही त्या काळची साधी आरोग्य-अभियांत्रिकी होती, तिच्यात जात कशाला शोधायची? गटारे नसलेल्या शहरात टोपलीचे संडास साफ करायला मागची वाट लागणारच. हे अर्धे खरे आहे. परंतु गटारे आली, पाण्याचे संडास आले, टोपल्या गेल्या, तरी गल्ली राहिली आणि तिचा वापरही राहिला. खिडकीतून केर खाली टाकण्याची ती जागा झाली, कारण तिथे कोणीतरी येऊन उचलेल ही सवय इमारतीच्या रचनेनेच लावली होती. पालिकेला या गल्ल्या साफ करण्यासाठी एकविसाव्या शतकातही वेगळी योजना आणि वेगळी माणसे लावावी लागली. गरज निव्वळ तांत्रिक असती, तर ती संपल्यावर सवयही संपली असती.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला, आणि दोन वर्षांनी शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नव्या वस्त्या योजून, नकाशे आखून उभारण्याचे मुंबईतले हे पहिले मोठे काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याची फळे. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी आजही मोकळ्या वाटतात ते ट्रस्टच्या नियमांमुळे. पण हे नियम कशासाठी होते ते पाहावे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवेचा ध्यास घेतला होता. समोरच्या इमारतीची उंची आणि मधले अंतर यांच्यातून खोलीत आकाश किती दिसावे यासाठी त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला होता. अर्ध्या अंशापर्यंत उजेडाचे माप घेणाऱ्या या आखणीत, त्या खोलीतल्या चुलीतून रोज किती राख आणि किती खरकटे निघेल, आणि ते संध्याकाळपर्यंत कुठे राहील, याचा हिशेब नव्हता. कोंदट हवेने रोग होतो या समजुतीवर नियम बेतले गेले. उंदीर आणि पिसवा प्लेग पसरवतात हे 1900 नंतरच्या दशकात सिद्ध झाले, आणि उंदीर कचऱ्यावर जगतो हे तर कोणालाही सांगावे लागत नव्हते. तरीही इमारतीच्या आराखड्यात फरक पडला नाही. फरक पडला तो कचरा आणखी लांब नेण्यात.

1906 मध्ये कुर्ला ते चेंबूर रेल्वेमार्ग टाकला गेला तो शहराचा कचरा वाहण्यासाठी. त्याच मार्गावर उतारूंची गाडी सुरू व्हायला 1924 उजाडावे लागले. हार्बर मार्गावर रोज लटकून प्रवास करणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, की या रुळांवरून माणसांआधी कचरा गेला? 1927 मध्ये देवनारची क्षेपणभूमी सुरू झाली. शहराला एवढी मोठी 'बाहेर'ची जागा मिळाली, की इमारतीच्या आत जागा शोधण्याचा प्रश्नच पुढची सत्तर वर्षे कोणी विचारला नाही. देवनार हा मुंबईच्या घरबांधणीला मिळालेला न दिसणारा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) होता. कुंपणाबाहेर टाकता आलेल्या प्रत्येक टोपलीमागे कुंपणाच्या आत थोडी जागा विकायला मोकळी झाली, आणि तिची किंमत चेंबूर-गोवंडीच्या बाजूने मोजली.

याच सुमारास दुसरा विचार मांडणारा माणूस मुंबईत होता, ही गोष्ट हळहळ वाटावी अशी आहे. पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. शहरातला मैला आणि केर लांब फेकण्याऐवजी वस्तीतल्याच बागांत आणि मळ्यांत जिरवावा, हा त्यांचा आग्रह होता. इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढवली, तिच्यात सफाई कामगारांना मानाचे स्थान दिले. 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. आणि पुढच्याच वर्षी, 1920 मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, ज्याच्या नावाने आपण बीडीडी चाळी म्हणतो. 50,000 गाळ्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे 207 चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. हजारो कुटुंबांसाठी सरकारने स्वतः काढलेला तो नकाशा होता. म्हणजे हात बांधलेला खासगी मालक नव्हता, जमीन सरकारची, पैसा सरकारचा. तरी 80 खोल्यांच्या चाळीत केरासाठी योजलेली सोय म्हणजे बाहेरची कुंडी.

तेव्हा कचरा होताच किती, असे यावर म्हणता येईल, आणि या आक्षेपात तथ्य आहे. गिरणी कामगाराच्या घरात फेकण्याजोगे फारसे नसे. कागद रद्दीवाल्याकडे जाई, बाटल्या आणि पत्रा भंगारवाल्याकडे, जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेतले जाई. माळ्यावर, खाटेखाली, दाराच्या पाठीमागे ठेवलेली रद्दीची चवड हीच त्या घराची पुनर्वापर व्यवस्था होती. ती चालली कारण त्या वस्तूंना भाव होता आणि दारावर येणारा विकत घेणारा होता. पण यातूनच नगररचनाकारांचा एक गैरसमज पोसला गेला, की सुका कचरा आपोआप मार्गी लागतो, त्याला जागा लागत नाही. जागा लागत होतीच. ती फेरीवाल्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर, धारावीतल्या गाळ्यात, आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या झोपडीसमोर होती. पुढे घरात अशा वस्तू येऊ लागल्या की ज्यांना भाव नाही: वेफरची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल. त्या कोणी विकत घेईना, आणि इमारतीत त्यांना ठेवायला कोपरा नव्हता.

उंच इमारती आल्या तेव्हा तरी नवा विचार व्हायला हवा होता. झाला तो उलट्या दिशेने. 1973 मध्ये बहुमजली इमारतींतल्या कचरा-नळीसाठी भारतीय मानक, आयएस 6924, प्रसिद्ध झाले. प्रत्येक मजल्यावर एक झडप, आतून खाली जाणारी उभी नळी, तळाशी पेटी. नीट पाहिले तर ही उभी केलेली हाऊस गल्लीच आहे. इथेही वाटच दिली, आणि तीही एकच, म्हणजे भाजीची देठे, फुटकी काच, सॅनिटरी पॅड आणि वर्तमानपत्र एकाच भोकातून जाणार आणि तळाशी एकजीव होणार. नळी साफ करायला आणि तळाची पेटी उपसायला पुन्हा तोच माणूस. वर्गीकरणाचा आग्रह सुरू झाला तशा अनेक सोसायट्यांनी या नळ्या बंद केल्या, कारण त्यांच्यातून वेगळे काही खाली येऊच शकत नव्हते.

बदलाची खरी सुरुवात न्यायालयातून झाली. अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून पुढे 2000 चे घनकचरा नियम आले. त्यानंतर मुंबई महापालिकेच्या आयओडीत, म्हणजे बांधकाम परवानगीच्या पहिल्या कागदात, अट दिसू लागली की ओला कचरा वेगळा करून त्याच भूखंडावर जिरवावा आणि त्यासाठी गांडूळखताचे हौद बांधावेत. 1888 ची रेघ पहिल्यांदाच पुसली गेली. इमारतीच्या कुंपणाच्या आत कचऱ्याला जागा असावी, हे कागदावर तरी मान्य झाले. 2016 च्या नियमांनी हे देशभर नेले: 200 हून अधिक घरे किंवा 5,000 चौरस मीटरहून मोठा भूखंड असेल, तर वर्गीकरण, साठवण आणि प्रक्रिया यांसाठी स्वतंत्र जागा आराखड्यातच दाखवावी. 2 ऑक्टोबर 2017 पासून मुंबई महापालिकेने 20,000 चौरस मीटरवरच्या किंवा रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले.

आणि यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो रहिवाशांचा. हौद बांधले, त्यांना वास आला, उंदीर झाले, माळ्याने लक्ष दिले नाही, शेवटी त्यांत राडारोडा भरून वर स्कूटर उभ्या राहिल्या. लाखोंची खतयंत्रे आणली, ती वीज खाऊन ओला लगदा बाहेर टाकतात. मग सांगता कशाला? हा अनुभव खोटा नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. ते हौद भोगवटा प्रमाणपत्रासाठी सगळे बांधकाम आटोपल्यावर, मागच्या कोपऱ्यात, जिथे ऊन नाही, नळ नाही, सांडपाण्याचा निचरा नाही अशा ठिकाणी बांधले गेले. संडास जर असा शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात, पाण्याशिवाय बांधला असता तर तोही बंद पडला असता, आणि कोणी म्हणाले नसते की संडास ही कल्पनाच चुकीची. शिवाय खत करणाऱ्या माणसाचा पगार सोसायटीच्या अंदाजपत्रकात नसतो. उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंश मोजणारे शहर, खतासाठी चार पाइप आणि एक पगार मोजत नाही.

जागेचा आक्षेपही हिशेबाने तपासावा. 200 घरे, घरी 4 माणसे, माणशी दिवसाला अर्धा किलो, त्यातला निम्मा ओला, असे ढोबळ धरले तर रोजचा ओला कचरा 200 किलो होतो. महिनाभर कुजवायचा तर एका वेळी 6 टन हाताशी राहील. मीटरभर उंचीचे ढीग आणि मधली चालायची जागा धरून 25 ते 30 चौरस मीटर पुरावेत. सुक्यासाठी तेवढीच आणखी. म्हणजे चार-पाच मोटारींची जागा. ज्या भूखंडावर गाड्यांसाठी तीन-तीन मजल्यांचे पोडियम उभे राहते, तिथे पाच गाड्यांची जागा मिळत नाही हे कारण टिकणारे नाही.

'आम्ही कर भरतो, कचरा पालिकेचा' हे म्हणणे 1888 च्या कायद्यातून थेट चालत आलेले आहे, आणि ते ज्या गृहीतावर उभे होते ते गृहीत कोसळले आहे. एप्रिल 2015 मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या, कारण तिथे कचऱ्याची शास्त्रीय व्यवस्था नव्हती. जानेवारी 2016 मध्ये देवनारला आग लागली, धूर शहरभर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी 29 फेब्रुवारीला मुंबईतल्याही नव्या बांधकामांना उच्च न्यायालयाने बंदी घातली. ती मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त शिथिल करीपर्यंत टिकली. कचरा टाकायला जागा नाही म्हणून घर बांधता येणार नाही, असे या शहराला न्यायालयाने सांगितले. घर आणि कचरा ही एकाच नकाशातली बाब आहे हे याहून स्पष्ट कोण सांगणार? पालिकेचे काम संपलेले नाही. पण एकाच ढिगात सगळे उचलून लांब नेणे शक्य राहिलेले नाही. पुण्याने याचा एक पर्याय दाखवला. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून 2008 मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि कचरावेचक दारोदारी जाऊन कचरा गोळा करू लागले. त्यांना ओळखपत्र मिळाले, सेवाशुल्क मिळाले. त्यांची जुनी मागणी मात्र साधी आहे: सुका कचरा निवडायला सावलीची, पाणी असलेली जागा. कितीतरी नव्या संकुलांच्या फाटकाबाहेर ही माणसे अजूनही फुटपाथवर बसून निवडतात. हाऊस गल्लीतला माणूस रस्त्यावर आला, आत त्याला जागा अजून नाही.

सर्वांत मोठी काळजी आहे ती गरिबांच्या नव्या घरांची. मानखुर्द-गोवंडीत प्रकल्पग्रस्तांसाठी आणि झोपडपट्टीवासीयांसाठी उभारलेल्या वसाहतींत इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम 3 मीटर आहे, लिफ्ट बंद पडतात, सातव्या मजल्यावरून बादली घेऊन उतरणाऱ्या बाईला खाली ठेवायला जागा नसते, आणि केर मधल्या पट्टीत पडतो. लांबी-रुंदीने, अंधाराने आणि वासाने ती पट्टी हाऊस गल्लीच आहे, आणि देवनारच्या डोंगराच्या शेजारी आहे. तिथल्या रहिवाशांना शिस्त शिकवण्याआधी त्यांना तो नकाशा कोणी दिला ते विचारले पाहिजे. बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर होत आहेत, 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर मिळते आहे. शंभर वर्षांनी मिळालेल्या या दुसऱ्या संधीत तरी कचऱ्याची खोली नकाशात असावी, तिला दार, नळ, निचरा आणि दिवा असावा, आणि तिथे काम करणाऱ्याला बसायला बाक व हात धुवायला बेसिन असावे. पुनर्विकासाचा किंवा नव्या घराचा आराखडा तुमच्या सोसायटीपुढे मांडला जाईल तेव्हा गच्ची, जिम आणि पार्किंगच्या आधी तळमजल्याचा कागद मागा, त्यावर ही खोली कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि ती दिसेपर्यंत सही करू नका.